शेवंता सशिणीचं कुलूप आणि माझा हिशेब

एका जंगलात, बाळांनो, एक फार हुशार साळिंदर राहत होतं. ते साळिंदर म्हणजे मी. हुशार असं मीच म्हणतो आहे, कारण त्या दिवसापासून बाकी कुणी म्हणत नाही.

मी दोन पावसाळे गावच्या शाळेमागच्या कुंपणात काढले होते. खिडकीतून गणित ऐकलं होतं. त्यामुळे जंगलात सगळे मला गुरुजी म्हणत. मीही कुणाला अडवलं नाही.

एका सकाळी शेवंता सशीण पिंजऱ्यात सापडली. शिकाऱ्यानं दाराला आकड्यांचं कुलूप घातलं आणि तो दुसरे पिंजरे बघायला निघून गेला. ऊन उतरलं की तो तिला न्यायला येणार होता. बिळात तिची तीन पिल्लं होती, अजून दुधावरची.

अस्वल सरपंच धापा टाकत माझ्याकडे आले. "गुरुजी, चला! तुमच्याशिवाय आकड्यातलं कुणाला कळतं इथं?"

मी गेलो. कुलपाला तीन चाकं होती. प्रत्येक चाकावर शून्यापासून नवापर्यंत दहा आकडे. तिन्ही बरोबर जुळले की कुलूप उघडणार. शेवंता गजांतून पंजा बाहेर काढून चाक फिरवायला लागली होती.

"हात लावू नकोस!" मी ओरडलो. "आधी एकूण जुळण्या किती होतात ते काढू दे. काही पद्धत असते की नाही?"

बिचारीनं पंजा आत घेतला.

पाठीवरचा एक काटा उपटून मी धुळीत मांडायला बसलो. दहा, दहा आणि दहा. झाले तीस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवंताचे कान उभे राहिले.

"तीसच ना? मग मी आत्ता बघते की!"

तेवढ्यात मला शंका आली. पहिल्या चाकाच्या प्रत्येक आकड्याबरोबर दुसऱ्याचे दहाच्या दहा येऊ शकतात. म्हणजे शंभर. त्या शंभरातल्या प्रत्येकाबरोबर पुन्हा तिसऱ्याचे दहा. म्हणजे हजार! तिला पुन्हा थांबवलं आणि दुपारपर्यंत हे चार वेळा मांडून पाहिलं. तीनदा हजार आले. एकदा नऊशे सत्तर आले, कारण मध्येच एक घोरपड हिशेबावरून चालत गेली.

"हजार!" मी जाहीर केलं.

गंमत बघा, बाळांनो. तीस म्हणालो तेव्हा नुसत्या टाळ्या होत्या. हजार म्हणताच सगळ्यांनी हात जोडले. शेवंता मात्र मटकन खाली बसली.

"गुरुजी, एकेक करून बघितलं तर हजाराला वेळ किती लागतो?"

"ते मी काढलेलं नाही," मी म्हणालो. "प्रश्न तो नव्हता."

अस्वल सरपंचांना भरून आलं. एवढा मोठा आकडा आपल्या जंगलात निघाला! त्यांनी तिथल्या तिथे माझा सत्कार ठरवला. शिकारी यायच्या आत उरकायचा म्हणून थोडी धावपळ झाली. शाल म्हणून रानकेळीचं पान माझ्या पाठीवर घातलं, ते काट्यांवर ठिकठिकाणी फाटलं. श्रीफळ म्हणून कवठ दिलं. मग पिंजऱ्याकडे पाठ करून मी सत्काराला उत्तर द्यायला उभा राहिलो.

मी माझ्या बालपणापासून सुरुवात केली. कुंपणातले हाल सांगितले. शून्याकडे समाजाचं कसं दुर्लक्ष होतं तेही सांगितलं. सावल्या लांब झाल्या. मागे सारखं काहीतरी कटकट वाजत होतं. "शांतता राखा!" असं मी दोनदा बजावलं.

मग खट्‌ झालं आणि शेवंता माझ्या समोरून सुसाट निघाली.

"अगं, आकडा कोणता होता?" मी ओरडलो.

"कुणी बघितलाय, गुरुजी! पोरं उपाशी आहेत माझी!"

ती बिळात शिरली आणि शिकाऱ्याची चाहूल लागली. सगळे पांगले. मीही पान अंगावर तसंच घेऊन पळालो. खरं सांगतो, मला लाज वाटली. घरी जाऊन हिशेब केला, तेव्हा जास्तच वाटली. एका जुळणीला पाच सेकंद धरले, तरी हजारच्या हजार फिरवणं दीड तासाच्या आतलं काम. मी तिला सकाळपासून थांबवून ठेवलं होतं.

तात्पर्य: विद्वानांचा सत्कार जरूर करावा. तेवढा वेळ तरी ते कुणाच्या मदतीला येत नाहीत.