डेनिसला मारलेली हाक

"आई, ते नाव सोडून काहीही सांग," एल्मा फोनवर म्हणाली. "इथं डेनिस म्हणजे पेन्शनीतला म्हातारा. पाळण्यातल्या पोराला कुणी हे नाव ठेवत नाही."

"का, तुमच्याकडची पोरं म्हातारी होत नाहीत?" सादेता म्हणाली.

एल्मा इंग्लंडात, आठवड्यापूर्वीच बाळंत झालेली. सादेता सर्बियात, नोवी पझारमध्ये, एकटी. तिच्या नवऱ्याचं नाव मूळ तुर्की, डेनिझ, म्हणजे समुद्र. सासऱ्यांना घरदार विकून इझ्मीरला, समुद्राकाठी जायचं होतं. बोचकी बांधून झाली, जाणं काही झालं नाही. मग मुलाचंच नाव समुद्र ठेवलं. आमच्या गावच्या सर्बियन जिभेवर त्याचा डेनिस झाला. हा डेनिस जन्मभर डोंगरांच्या घेरात बसून जीनच्या पँटी शिवत राहिला आणि सहा वर्षांपूर्वी गेला. अजूनही संध्याकाळ झाली की सादेता त्याला जेवायला बोलवायला खिडकीशी जायची आणि हाक गळ्यापर्यंत यायची. नातवाला ते नाव मिळालं तर हाक मारायला कुणीतरी असेल, एवढाच तिचा स्वार्थ.

एल्मानं आणि जावयानं, रॉसनं, लिओ ठरवलं होतं. पण नाव ठरवणं वेगळं आणि ठेवणं वेगळं. आमच्याकडे घरातला वडीलधारा बाळाच्या कानात अजान म्हणतो, मग तीनदा नाव सांगतो. कानात गेलं तेच नाव. रविवारी हे काम फोनवरून करायला दीर फेहीम आले.

सादेतानं आधी मंतिया, खिमा भरलेल्या गरम इवल्या कचोऱ्या, पुढ्यात ठेवल्या. "भावोजी, नाव डेनिस सांगायचं."

"पोरीनं लिओ कळवलंय ना?"

"तुम्हाला कमी ऐकू येतं. तुम्हाला डेनिस ऐकू आलं."

"बहिरा आहे वहिनी, लबाड नाही." फेहीमनी दह्याची वाटी जवळ ओढली. दोन-तीन मंतिया पोटात गेल्यावर हळूच म्हणाले, "माझाही भाऊच होता तो."

एल्मानं फोन बाळाच्या कानाशी धरला. अजान नीट पार पडली. मग फेहीमनी, बहिऱ्या माणसाच्या अंदाजानं, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "डेनिस. डेनिस. डेनिस."

बाळ रडायला लागलं. त्याच्यामागून एक घोगरा पुरुषी आवाज आला, "अं? काय?"

"हा कोण?" सादेतानं विचारलं.

"सासरे. सोफ्यावर झोपले होते. त्यांचं नाव डेनिस आहे, आई. मुद्दामच सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर तू म्हणाली असतीस, दोन्ही आजोबा एका नावाचे, मग अडलंय कुठं?"

"म्हणालेच असते. करताहेत काय आता?"

"रडताहेत. त्यांना वाटतंय, आम्ही बाळाला त्यांचं नाव ठेवलं. बायकोच्या मयतीला रडला नव्हता हा माणूस. खरं सांगायचा रॉसला धीर होत नाहीये. काकांनी काय करून ठेवलं हे?"

सादेताच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या सासऱ्यांचा समुद्र, तिच्या नवऱ्याचं नाव, आणि कोण कुठला माणूस झोपेतून उठून त्यावर हक्क सांगत होता.

"रडतंय कोण?" फेहीमनी विचारलं. "बाळ?"

"दोघंही."

"मग लागलं नाव," म्हणत त्यांनी आणखी एक मंतिया उचलली.

"फोन बाळाजवळ धर," सादेता एल्माला म्हणाली. आपलं नाव आपणच परत आणायचं, असं तिनं ठरवलं होतं. घसा साफ केला आणि खिडकीतून मारायची तशी हाक मारली, "डेनिस, ये ना, सूप निवतंय."

बाळ गप्प झालं. म्हाताऱ्याला तिच्या भाषेतलं नावाखेरीज अक्षर कळत नव्हतं. तो अदबीनं, सावकाश काहीतरी बोलला.

"काय म्हणाले?"

"आलोच, म्हणाले."

सादेता खिडकीकडे बघत राहिली. सहा वर्षांत या हाकेला कुणी ओ दिली नव्हती.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "सावकाश या म्हणावं. परत गरम करते."