सेनापतीची भूल

पूर्ण भूल घ्यायची की नुसत्या हाताची, यावरून डिचोलीच्या एका छोट्या इस्पितळात दत्ताराम आणि सुमंगला या नवराबायकोची जुंपली होती.

दत्ताराम पेडण्याला कचेरीत कारकून, पण गावच्या जत्रेतल्या नाटकात कायमचा सेनापती. आदल्या संध्याकाळी तालमीत “सेनापती मागे हटत नसतो!” अशी गर्जना करत तो ऐटीत मागे सरकला आणि थेट रंगमंचाखाली गेला. हात मोडला. जत्रा परवावर! गोवा राज्य झाल्यानंतरची ही पहिलीच जत्रा, म्हणून नाटक मंडळाच्या रघुनाथने अख्ख्या तालुक्याला आमंत्रण दिलेलं. तो बजावून गेला होता, “हात नसलो तरी चलात. आवाज नसलो तर भूमिका दुसऱ्याक!”

भूल देणाऱ्या विनिताबाईंनी समजावलं, “पूर्ण भुलीत तुम्हांला काही कळणार नाही. पण घशात नळी घालावी लागते, एक-दोन दिवस घसा बसू शकतो. दुसऱ्या तऱ्हेत गळपट्टीच्या हाडाजवळ इंजेक्शन देते. हात बधिर होतो, तुम्ही जागे राहता. मात्र अजिबात हलायचं नाही.”

“माका हाताचीच होई!” दत्ताराम ओरडला.

“बाई, ह्येंका पुरो निजवा,” सुमंगला म्हणाली. “जागे रवले तर डॉक्टराक शिकवतले.”

“गो, तू गप रव! गळो माझो!”

शेवटी हाताचीच भूल ठरली. इंजेक्शन झालं आणि थोड्याच वेळात दत्तारामचा हात परक्याचा झाला. चिमटा काढला तरी कळेना. तो हरखून गेला. पडद्यापलीकडे डॉक्टर कृष्णनाथांनी काम सुरू केलं, आणि सवयीने ते काहीतरी पुटपुटू लागले.

“सेनापती मागे हटत नसतो...”

दत्तारामने कान टवकारले. “डॉक्टर, तुमी पण?”

“आमच्या गावात पुढच्या महिन्यात हेच नाटक. सेनापती मीच.”

“पण असो म्हणतत? औषधाची चिठी वाचतास तशें वाटता! ‘मागे’वर जोर होयो!”

“हलू नका. सेनापती मागे...”

“छातीतसून काढा!”

“सेनापती मागे—”

दत्तारामला राहवेना. चांगला हात उंचावून तो अर्धा उठला आणि अशी गर्जना केली की पडदा सुटला, हत्यारांचा ट्रे खणखणत खाली आला आणि बाहेर सुमंगलेने कपाळावर हात मारला.

“डॉक्टर,” विनिताबाई गरजल्या, “नाटक तरी करा, नाहीतर हाड तरी बसवा! हात झोपलाय, पण हा माणूस झोपत नाहीये. मी पूर्ण भूल देते.”

“नळी नाका! माझी जत्रा...” एवढंच दत्ताराम बोलला.

जागा झाला तेव्हा हाड आत धातूची पट्टी बसवून जागेवर आणलेलं होतं. आवाज मात्र गेला होता. तोंड उघडलं की जुन्या दाराच्या बिजागरीसारखी कुरकुर. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

कृष्णनाथ ओशाळले. “चूक माझी. मी येतो परवा. तुम्ही ओठ हलवा, मी विंगेतून बोलतो.”

जत्रेच्या रात्री हात गळ्यात बांधलेला सेनापती मंचावर आला. लोकांना वाटलं, लढाईतच जखमी झालाय! डोळे फिरवत, पाय आपटत त्याने ओठ हलवले, आणि विंगेतून कृष्णनाथांची गर्जना घुमली. दत्तारामने शिकवलं होतं तशीच, छातीतून, ‘मागे’वर जोर देऊन. टाळ्या थांबेनात. मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. म्हातारी शेवंती तर उठून उभी राहिली, “आज खरो सेनापती बघलंय!”

नाटक संपल्यावर रघुनाथ धावतच विंगेत आला. विजयी दत्ताराम कौतुक ऐकायला छाती काढून उभा राहिला. रघुनाथ त्याला ओलांडून डॉक्टरांकडे गेला.

“डॉक्टर, ह्येच्या हाडावरची ती धातूची पट्टी कधी काढतल्यात?”

“वर्षभराने.”

“मगे जत्रेच्या दोन दीस आधीच काढया,” रघुनाथ हात जोडून म्हणाला. “पण पुरी भूल देवन हां!”