कपाटाची फीत

एका जंगलात, मुलांनो, एक सरकारी दवाखाना होता. दवाखान्यात औषधांचं एक कपाट होतं आणि गवा नावाचे डॉक्टर होते. डॉक्टर अंगाने एवढे अवाढव्य, की ते आत असले की पेशंटला बाहेरच उभं राहावं लागे.

त्याच जंगलात माकडांचं एक सेवा मंडळ होतं. तळ्याचं पाणी बिघडलं की दरसाल जुलाबांची साथ यायची. मग माकडं दवाखान्याच्या खिडकीशी जायची, गवा डॉक्टर औषधाच्या पुड्या बाहेर द्यायचे, आणि माकडं त्या झाडाझाडांवरून बिळाबिळात पोचवायची. ना शाल, ना नारळ. अगदीच अडाणी कारभार!

ही गोष्ट वाघसाहेबांच्या कानावर गेली.

"दवाखाना आणि मंडळ एकमेकांना मदत करतात?" साहेबांचा विश्वासच बसेना. "आणि उद्घाटन न करता?"

लगेच हुकूम सुटला. या सहकार्याचं रीतसर उद्घाटन होईल. फीत साहेब स्वतः कापतील. तोवर सहकार्य बंद!

दाराला फीत बांधली असती, पण ती डॉक्टरांच्या शिंगांत अडकायची. म्हणून औषधांच्या कपाटालाच बांधली. झेंडूच्या रंगाची, मोठ्ठं फूल काढून.

आणि नेमका त्याच दिवशी भिवरा साळिंदरणीच्या टोचूला जुलाब लागले. एवढंसं पोर. सकाळपर्यंत आईला काटे टोचून हैराण करत होतं, ते दुपारी मलूल होऊन पडलं. टोचूला कडेवर घेऊन भिवरा दवाखान्याकडे पळत सुटली.

"डागदर, पोराला जुलाब लागलेत. पुडी द्या."

"देतो की! उद्घाटन झालं की पहिली पुडी तुझ्याच पोराला."

"ते कधी हाय?"

"साहेब येतील तेव्हा."

"अवो, पोरगं डोळं फिरवतंय!"

डॉक्टर मनाने वाईट नव्हते. त्यांचे डोळे भरून आले. "फीत आहे ना गं," ते म्हणाले आणि नाक पुसू लागले.

भिवरा तशीच मंडळाच्या झाडाखाली गेली. मंडळाचे अध्यक्ष हुप्पाजी फांदीवर बसून बॅनर रंगवून घेत होते. भिवराचं ऐकलं आणि त्यांनी आनंदाने शेपूट आपटली.

"जुलाब? खरेखुरे? अहो, मग आम्हाला लाभार्थी मिळाला! परवाच कार्यक्रम आहे. ताई, टोचू व्यासपीठावर बसणार."

"आन् औषध?"

"परवा. तोवर एकच विनंती. घरचं काही देऊन त्याला बरं करू नका. तो तिथे उड्या मारत आला, तर साहेबांसमोर आमची काय शोभा राहील?"

भिवराने त्यांच्याकडे असं पाहिलं, की हुप्पाजी एक फांदी वर सरकले. ती बिळात परतली. पाणी उकळून त्यात मीठ-साखर घालून टोचूला घोट घोट पाजत राहिली. पोर तगलं, पण उठेना.

उद्घाटनाच्या सकाळी ती सर्वांच्या आधी व्यासपीठावर जाऊन बसली. नाहीतर काय करणार बिचारी? फितीसकट कपाट तिथेच आणून ठेवलं होतं, आणि पुडी त्यात होती.

साहेब आले. पाहुण्यांना करवंदांचं गार सरबत दिलं. पाणी तळ्याचं. ते दवाखान्याने तपासलं असणार, असं मंडळाला वाटलं. मंडळाने उकळलं असणार, असं डॉक्टरांना वाटलं. मुलांनो, याला परस्पर विश्वास म्हणतात.

मग भाषणं झाली. डॉक्टरांनी मंडळाची स्तुती केली. हुप्पाजींनी डॉक्टरांची केली. साहेब दोघांची करायला उभे राहिले आणि मध्येच गप्प झाले. त्यांचा चेहरा कसानुसा झाला. दुसऱ्या क्षणी ते करवंदीच्या जाळीमागे दिसेनासे झाले. मागोमाग डॉक्टर पळाले. मग हुप्पाजी. मग पुढच्या सगळ्या रांगा.

"औषध आणा!" जाळीजाळीतून आरोळ्या उठल्या.

"पण फीत साहेबांनी कापायची आहे!" डॉक्टर एका झुडपातून कण्हत म्हणाले.

"माझ्याशिवाय कापाल तर याद राखा!" साहेब दुसऱ्या झुडपातून गुरगुरले. बाहेर यायची मात्र त्यांना सोय नव्हती.

व्यासपीठावर भिवरा एकटीच उरली. मांडीवर टोचू. त्याची जीभ कोरडी पडली होती. भिवराने कपाटाकडे पाहिलं, तबकातल्या कात्रीकडे पाहिलं. कात्री साहेबांची होती. दात तिचे स्वतःचे होते.

तिने फीत कुरतडली. कपाट उघडलं आणि पहिली पुडी आपल्या लेकराला पाजली.

"आता या रं!" तिने हाक दिली.

मागच्या रांगेतल्या माकडांपर्यंत सरबत पोचलंच नव्हतं. ती धावत आली. भिवराने पुड्या दिल्या, माकडांनी झाडाझाडांवरून त्या झुडपाझुडपात पोचवल्या. बघता बघता सारं जंगल सावरलं.

संध्याकाळी टोचूने डोळे उघडले आणि पेज मागितली. मग भिवरा रडली. पोटभर रडली.

पण साहेब नाराज होते. "उद्घाटन राहिलंच की!"

डॉक्टर आणि हुप्पाजींनी एकमेकांच्या कानात कुजबुज केली, दुसऱ्या दिवशी कपाटाला नवी फीत बांधली आणि टोचूला न्यायला आले. "फोटोपुरता झोपला की झालं," हुप्पाजी म्हणाले. भिवराने नुसते काटे उभारले. शेवटी लाभार्थी म्हणून खुद्द डॉक्टर आडवे झाले, तेव्हा कुठे फोटो निघाला. पण त्या गडबडीत फीत कापायची राहून गेली. कपाटाला अजून फीत बांधलेलीच असते.

कुणाला जुलाब लागले की डॉक्टर त्या फितीकडे बघून हळहळतात, आणि मग हळूच भिवराला बोलावणं पाठवतात.

तात्पर्य : जनसेवेत एकमेकांवर पूर्ण विश्वास ठेवावा. आजारी पडायचंच झालं, तर प्रमुख पाहुण्यांच्या सोबतीने पडावं. आणि तेवढी कळ निघत नसेल, तर आपल्या आईचे दात मजबूत असावेत.