पिनबॉलला गादी

"तुमचं ते मशीन आता माझ्या डोक्यावरून उतरवा," हेडसर दारातूनच म्हणाले.

"या ना, चहा टाकतो," सोफाकाका म्हणाले.

हेडसर खालच्या मजल्यावर राहत. शाळा सोडून वर्षं लोटली होती, पण आवाज अजून मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभ्या मुलाची चड्डी ओली करील असा होता. त्यांनी तेच वाक्य पुन्हा सावकाश म्हटलं आणि वर सगळा खुलासा केला. रविवारी इमारतीची सभा होती. तोवर पिनबॉलचा खडखडाट थांबला नाही, तर ते मशीन इमारतीबाहेर काढायचा ठराव ते मांडणार होते. अर्ध्या इमारतीचा पाठिंबा होता आणि उरलेल्या अर्ध्या इमारतीला सभेला यायचा कंटाळा होता, म्हणजे ठराव झाल्यातच जमा.

जन्मभर सोफाकाकांनी लोकांच्या सोफ्यांना नवं कापड चढवलं, खुर्च्यांच्या बसलेल्या स्प्रिंगा बदलल्या, म्हणून त्यांचं हे नाव पडलेलं. वयाने मोठे असलेले हेडसरसुद्धा त्यांना काका म्हणत. असा हा मऊ माणूस. पण मशीन जाणार म्हटल्यावर ते चहा टाकायचंच विसरले, कारण मशीन बायकोचं होतं आणि बायको गेल्या वर्षी गेली होती.

ती एका गेम पार्लरच्या काउंटरवर बसायची. पार्लर बंद झालं तेव्हा मालकाने विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? दुसऱ्या कुणी भिंतीवरचं घड्याळ मागितलं असतं, हिने पिनबॉल मागितलं. ते आलं आणि पुढच्या खोलीत आडवं पसरलं, तेव्हापासून सोफेवाल्याच्या घरात सोफ्याला जागा नव्हती. काचेखाली उतरता रंगीत फळा, स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की पोलादी बॉल वर उडायचा, बंपरांवर धडका घेत खाली यायचा आणि तळाशी असलेल्या दोन फ्लिपरांनी, बटण दाबलं की उसळणाऱ्या पट्ट्यांनी, ती त्याला पुन्हा वर पिटाळायची. तिच्या हाताखाली बॉल गुण्यागोविंदाने नांदायचा.

रोज संध्याकाळी पाचला ती खेळायला उभी राहायची. मागच्या खोलीत काका खिळे ठोकत असायचे. खडखडाट सुरू झाला की ते तोंडातले खिळे काढून ओरडायचे, "बंद कर गं ते!" आणि ती ओरडायची, "हा शेवटचा बॉल!" त्यानंतर ती आणखी चार बॉल खेळायची. पुढेपुढे तिने उत्तर द्यायचं सोडलं. काका मनात म्हणायचे, रुसली असेल. विचारू विचारू म्हणत त्यांनी कधी विचारलं नाही. माणूस घरातच असतो, जातोय कुठे, असं वाटत राहतं.

आता पाच वाजले की काकाच खेळत. खेळ त्यांना कधीच आला नाही. त्यांचा बॉल सासुरवाशिणीसारखा पहिली संधी मिळताच दोन फ्लिपरांमधून पळ काढायचा. पण दिवसभरात तेवढा वेळ ती घरात आहे असं वाटायचं, आणि तेवढ्यावर बाकीचा दिवस ढकलता यायचा.

तेव्हा काकांनी मशीन शांत करायचं ठरवलं. आणि गादीवाल्याला शांततेचा एकच रस्ता माहीत असतो.

पहिल्यांदा त्यांनी चारही पायांखाली रबराचे तुकडे आणि त्याखाली दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा घातला. मग काचेच्या कडांना नमद्याच्या पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे काच थरथरायला नको. पेटीच्या तळाशी फोम अंथरला. फळा उचलून खालच्या तारांच्या जंजाळाला हात लावायची मात्र त्यांची छाती झाली नाही. ती कसर त्यांनी बाहेरून भरून काढली. दोन्ही बाजूंना फोम, वर तपकिरी रेक्झिन, कडांना दोरीचं पायपिंग, आणि कामाला चव यावी म्हणून जागोजाग बटणं टाचली. शेवटी पिनबॉल दिसेना, चार पायांवर उभा राहिलेला पाहुण्यांचा सोफा दिसायला लागला.

पाच वाजता त्यांनी दांडा ओढला. बॉल धावला, दिवे लखलखले आणि आवाज शून्य! काकांनी स्वतःच्या पाठीवर हात पोचेल तितकी शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी हेडसर वर आले ते लालबुंद होऊन.

"काय केलंत काय तुम्ही? पूर्वी नुसतं खडखडायचं, आता चहूबाजूंनी कोंडलंत म्हणून खाली घुमतं! कुणीतरी रिकामा पिंप बडवतंय असं वाटतं!"

"अहो हेडसर, काहीतरीच काय! मी समोर उभा असतो, मला टाचणी पडल्याइतकाही आवाज येत नाही."

"मग मी काय खोटं बोलतोय?"

"खोटं नाही हो. वय झालं की कानात असले भास होतात. एकदा दाखवून घ्या डॉक्टरला."

हेडसरांच्या उभ्या आयुष्यात त्यांना कान दाखवायला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी लोकांचे धरले होते. पण ते शिस्तीचे पडले. म्हणाले, "परीक्षाच घेऊ. मी वर खेळतो, तुम्ही माझ्या घरात बसून ऐका."

काका खाली जाऊन हेडसरांच्या आरामखुर्चीत बसले. खुर्चीची स्प्रिंग तुटली होती आणि ती नको तिथे टोचत होती. काकांनी छताकडे पाहिलं. छत शांत होतं. नुसतं बसण्यापेक्षा त्यांनी खुर्ची उलटी केली आणि स्प्रिंग तपासायला घेतली. कितीतरी वेळाने खांद्यावर हात पडला तेव्हा ते केवढ्याने दचकले.

मागे हेडसर उभे होते. घामाघूम झालेले, सदऱ्याच्या बाह्या वर सारलेल्या.

"ऐकलंत?"

"छे! तुम्ही सुरुवात केव्हा करणार याचीच वाट बघतोय."

"अहो, मी तिथे मशीन फुटेस्तोवर खेळलो. शेजारचे सगळे बाहेर आलेत. आणि इथे येऊन तुमच्या मागे उभा राहून हाका मारतोय." बोलता बोलता हेडसरांनी काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांचा राग उतरत गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते काकांना रागापेक्षा वाईट वाटलं. हेडसर समोर येऊन उकिडवे बसले आणि तोंड नीट दिसेल अशा बेताने म्हणाले, "काका, तुम्हाला ऐकू येत नाही."

"मला? शक्यच नाही!" काका उसळले. "अहो, ती खेळायची तेव्हा मागच्या खोलीत, खिळे ठोकत असताना मला ऐकू यायचं! दार लावलेलं असताना! माणूस एका वर्षात बहिरा होतो होय?"

हेडसर म्हणाले, मग मशीनच उघडून बघू. मशीनची देखभाल करणारा पार्लरचा जुना मेकॅनिक गावातच होता. त्याला बोलावलं. तो आला, बटणं टाचलेल्या मशीनकडे पाहून म्हणाला, "ह्यावर बसायचं का खेळायचं?" मग त्याने काच सरकवली, फळा वर उचलून टेकवला आणि मान आत घातली.

फळ्याच्या खालच्या अंगाला डब्यांची झाकणं स्क्रूने बसवलेली होती. एक मोठं, दोन मधली, एक लहान. एका तारेला दोन चमचे लोंबत होते. एका कोपऱ्यात पत्र्याची डबी होती आणि तिच्यात वॉशर भरले होते.

"बघा!" हेडसर विजयाने ओरडले. "वाजेल नाही तर काय! हा गाढवपणा कुणी केला?"

"मी," मेकॅनिक म्हणाला. तो काकांकडे बघत नव्हता. "काकूंनी सांगितलं म्हणून. दर वर्षी बोलवायच्या. म्हणायच्या, आणखी थोडं वाढव, मागच्या खोलीत पोचलं पाहिजे. मी म्हटलं, काकू, लोक आवाज कमी करायला बोलावतात."

"मग काय म्हणाली?" काकांनी विचारलं. ते त्याच्या ओठांकडे डोळे लावून होते.

मेकॅनिकने हातातला पाना दोनदा पुसला.

"म्हणाल्या, ह्यांना ऐकायला कमी येतंय. सांगितलं तर मनाला लावून घेतील. मशीन वाजलं की ओरडतात, आणि ओरडले की मला बरं वाटतं." तो अडखळला. "दिवसभरात माझ्याशी तेवढंच बोलतात, म्हणाल्या."

काका उघड्या मशीनमधल्या झाकणांकडे बघत राहिले. मोठं झाकण पिठाच्या डब्याचं होतं. ते हरवलं म्हणून काका तिला केवढं बोलले होते. तिने निमूटपणे ऐकून घेतलं होतं आणि डब्यावर ताटली ठेवली होती. ती ताटली अजून तिथेच होती.

"पण मग तिने उत्तर द्यायचं का सोडलं?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मी ओरडायचो आणि ती गप्प. शेवटची कितीतरी वर्षं गप्प."

"कोण गप्प?" हेडसर म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ते काकांच्या समोर येऊन, एकेक शब्द सुटा करून बोलले. "काका, वहिनी एक दिवस चुकल्या नाहीत. मी खाली ऐकायचो ना. तुम्ही म्हणायचात, बंद कर गं ते. आणि त्या म्हणायच्या, हा शेवटचा बॉल. रोज. आजारी पडेपर्यंत रोज."

काका मशीनची कड धरून उभे राहिले. त्यांनीच लावलेली गादी हाताला मऊ लागत होती. मग ते रडले, आणि आपण किती मोठ्याने रडतोय हे त्यांना कळलं नाही. शेजारचे पुन्हा बाहेर आले, पण हेडसरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते आल्या पावली परत गेले.

काकांचं रडणं ओसरल्यावर मेकॅनिकने विचारलं, "काढून टाकू का सगळं?"

काकांनी हेडसरांकडे पाहिलं. हेडसरांनी खिसा चाचपला. ठराव त्यांच्या खिशात होता, स्वच्छ अक्षरात लिहिलेला.

"वॉशरची डबी काढा. चमचे काढा. ती बाकीची झाकणंही," ते म्हणाले. "पिठाच्या डब्याचं राहू द्या. पण एक सांगतो, मी गप्प बसणार नाही! रोज तक्रार करणार!"

"करा ना," काका डोळे पुसत म्हणाले. "पण ओरडून उपयोग नाही. मला ऐकू येत नाही."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं.

"मग काठीने छत ठोकीन!"

"ठोका. विसरू मात्र नका, हेडसर. आणि ती खुर्ची उद्या वर पाठवा, स्प्रिंग बदलून देतो. बसवत नाही तीत."

रविवारी सभा झाली. ठरावाच्या वेळी हेडसर पाणी प्यायला उठले ते विषय संपल्यावरच परतले.

संध्याकाळी पाचला काकांनी मशीनच्या पायांखालचा नमदा काढून ठेवला, चपला बाजूला केल्या आणि अनवाणी उभं राहून दांडा ओढला. बॉल उडाला. दिवे लागले. पिठाच्या डब्याचं झाकण वाजत असणार, कारण तळहातांना बारीक थरथर लागत होती. ते खेळत राहिले आणि वाट बघत राहिले. ती अशीच पाठ करून उभी राहायची आणि अशीच वाट बघत असणार, हे त्यांना आता कळत होतं आणि सोसत नव्हतं.

मग तळपायांना खालून धक्के जाणवले. ठक, ठक, ठक. हेडसर शिस्तीचे खरे.

"हा शेवटचा बॉल!" सोफाकाका घर दणाणून जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले.

अजून चार बॉल बाकी होते.