कलिंगडाला पाणी कोण घालतं?

कार्डिफच्या घरामागच्या छोट्याशा प्लॅस्टिकच्या ग्रीनहाउसमध्ये शशीचं एकुलतं एक कलिंगड पिकायला आलं होतं. एप्रिलपासून त्याने ते जिवापाड जपलं होतं. फळ गोड व्हावं म्हणून शेवटचे दहा दिवस पाणी तोडायचं, असं त्याने वाचलं होतं, तोडलंही होतं. तरी रोज ऑफिसमधून येऊन बोट खुपसावं तर माती ओलीच!

"वैजू, तू पाणी घातलंस?"

"आज? माझी लाँग शिफ्ट होती," वैजयंती म्हणाली. ती हॉस्पिटलमध्ये नर्स होती.

मग उरला शेजारचा ग्लिन. हा रिटायर्ड म्हातारा कुंपणावरून रोज विचारायचा, "हाउज द बेबी, शशी?" त्याचे स्वतःचे टोमॅटो यंदा करपले होते. अशा माणसाने दुसऱ्याच्या कलिंगडाची एवढी चौकशी करावी, हे शशीला सरळ वाटेना.

दुसऱ्या दिवशी त्याने वर्क फ्रॉम होम घेतलं आणि लॅपटॉपसकट स्वयंपाकघराच्या पडद्याआड दबा धरला. ऐन मीटिंगमध्ये बागेचं फाटक करकरलं. ग्लिन झारी घेऊन थेट ग्रीनहाउसमध्ये शिरला!

"सापडला!" शशी ओरडला. म्यूट करायचं राहिलं होतं; मीटिंगमधले अकरा जण दचकले. तो सपाता घालूनच धावला.

"माझ्या कलिंगडाची वाट लावताय?"

"मी?" ग्लिन गोंधळला. "तुझ्या बायकोनेच सांगितलंय. तिची शिफ्ट असली की मी पाणी घालायचं, आणि तुला कळू द्यायचं नाही. तुला वाईट वाटेल म्हणे."

संध्याकाळी वैजयंतीने कबूल केलं. "मला वाटलं, तुझा इंटरेस्ट संपला. गिटार, रोइंग मशीन, सगळ्याचं हेच झालं ना? बिचारं रोप तहानेने मरत होतं!"

"मी मुद्दाम कोरडं ठेवत होतो!"

"मग सांगायचं ना!"

"सरप्राइज द्यायचं होतं तुला..."

एवढ्यात बागेतून 'फट्' असा आवाज आला. पाणी पिऊन टम्म झालेलं कलिंगड आपणहून उललं होतं.

संशय घेतल्याची भरपाई म्हणून शशीने ग्लिनलाही बोलावलं. कापलं तर आत फिकट गुलाबी. शशीने घास घेतला. त्यापेक्षा काकडी बरी. ग्लिन "लव्हली" म्हणाला, पण तो पावसालाही लव्हली म्हणायचा. शशीने बायकोकडे पाहिलं.

"गोड आहे की रे," वैजयंती म्हणाली, आणि दुसरी फोड उचलण्याआधी तिने हळूच चाट मसाल्याची डबी पुढ्यात ओढली. ग्लिनने काही न विचारता आपली फोड तिच्यासमोर धरली.