वाचनालयाच्या छपराचा तिसरा आधार

कोणतेही छप्पर स्वतःच्या हिमतीवर उभे नसते. खालून कोणालातरी ते सांभाळून घ्यावे लागते. आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या छपराने हे फारच मनावर घेतले.

छपराखालची जुनी कैची, म्हणजे लोखंडी दांड्यांचा सांगाडा, गंजली. नवी कैची संगणकाकडून आखून घ्यावी, असे समितीने एकमताने ठरवले (समितीत मत एकालाच आहे). पद्धत शास्त्रशुद्ध आहे. हवेत ठिपके मांडायचे, प्रत्येक ठिपका बाकीच्या सगळ्यांना दांडीने जोडायचा आणि मग ज्या दांड्या नुसत्याच लटकताना आढळतील त्या काढत जायचे. उरेल ती सर्वोत्तम रचना. (हीच पद्धत समितीला लावण्याची सूचना वेळेअभावी चर्चेला आली नाही.)

संगणकाला फक्त सांगावे लागते, की खोलीतल्या न हलणाऱ्या गोष्टी कोणत्या. भार त्यांच्यावर टेकवता येतो. त्यासाठी मोजणीदार दिवसभर बसला. त्याने भिंती टिपल्या, खांब टिपले आणि खिडकीजवळ पेपर वाचणारे आजोबा टिपले. माणूस प्रामाणिक होता. रस्त्यावरून ट्रक गेला तेव्हा खांब हादरले, आजोबा नाही.

निकाल उत्तम लागला. लोखंडात एक्केचाळीस टक्के बचत, आणि छपराचा एक तृतीयांश भार आजोबांच्या डाव्या खांद्यावर. (उजवा पाने उलटताना हलतो, म्हणून अपात्र ठरला.) उद्घाटनाआधी त्यांना गंज न चढू देणाऱ्या रंगाचा एक हातही मारण्यात आला.

मग आजी आल्या.

"अहो, उठा आता. शनिवारी नातीचं नाटक आहे. झाड झालीये ती. तुम्ही दिसला नाहीत तर स्टेजवरच भोकाड पसरेल."

"कसा उठू गं? वर बघ जरा."

आजींनी वर पाहिले आणि संगणकवाल्या साहेबांना धरले. "घरी बेल वाजली तर हे कधी उठले नाहीत. तुम्हाला छपराला हेच सापडले?"

"म्हणूनच सापडले, बाई," साहेब नम्रपणे म्हणाले.

आजोबांचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं उठावंसं वाटलंच नाही हो. आता वाटतंय, तर ही पंचाईत."

साहेबांना वाईट वाटले (तशी त्यांनी नोंद केली). तोड एकच होती: तितकाच स्थिर माणूस बदली मिळाला, तर आजोबा मोकळे. आधी समितीच्या अध्यक्षांचा विचार झाला. खुर्ची ते सोडत नाहीत, पण वारा येईल तिकडे झुकतात, असे चाचणीत आढळले. मोजणीदाराचे मत पडले, की वाचणारी माणसेच बरी. हातात काहीतरी दिले की हलत नाहीत.

म्हणून समितीने मला हा मजकूर लिहायला सांगितला. पहिल्या ओळीपासून इथपर्यंत जो जागचा हलणार नाही, तो पात्र.

आज शनिवार आहे. मोजणीदार तुमच्या मागेच उभा आहे आणि आजोबा चपला शोधत आहेत. मागे वळून बघू नका. फक्त डावा खांदा जरासा वर घ्या.