घोडी कापली की पुस्तक

कादंबरी म्हणजे काय, लांबवलेली कथाच की! असं मीरगुल शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत छातीठोकपणे सांगून मोकळी झाली होती. पंधरा वर्षं तिनं तालुक्याच्या वर्तमानपत्रात चहा निवेपर्यंत वाचून होतील एवढ्याच कथा लिहिल्या होत्या. पण कथा लांबवता लांबवता त्यात घरची घोडी शिरली, चोलपोन. घोडीला एकदा कुरण दिसल्यावर ती थांबते थोडीच? साठ पानं ती नुसती धावत होती, कधी नारीन नदीच्या काठानं, कधी ढगांच्या सावल्या तुडवत.

हस्तलिखित वाचून राजधानी बिश्केकहून संपादक जोलदोशबेक यांचा फोन आला तेव्हा मीरगुल शाळेत होती आणि मोबाइल घरी, चुलीशेजारी. तो उचलला सासूनं, बुरूलकाननं. मीरगुल तिला एने म्हणे.

"तिला सांगा, पुस्तक नक्की काढतो. फक्त ती घोडी कापायला हवी."

बुरूलकाननं मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. "आख्खी?"

"आख्खी. शेपूटसुद्धा ठेवू नका. शुक्रवारपर्यंत झालं तर बरं."

शुक्रवारी जेवायला तुम्ही याल ना, असं तिनं विचारलं. बोलावलंत तर का नाही येणार, असं तो माणूस सभ्यपणे म्हणाला आणि फसला.

आपल्या घोडीची कीर्ती बिश्केकपर्यंत कुणी पोचवली, याचं बुरूलकानला नवल वाटलं. पण मोठी माणसं चौकशी करूनच मागतात. लेकाच्या लग्नात मेंढ्या कापून भागलं होतं. पुस्तकाला घोडी मागतात, म्हणजे पुस्तक लग्नाहून थोर असणार. सुनेला विचारलं असतं तर ती नकोच म्हणाली असती. म्हणून संध्याकाळी तिला एवढंच कळलं, की संपादक शुक्रवारी जेवायला येताहेत आणि बाकी सगळं एने बघतील.

गुरुवारी म्हातारी गोठ्यात बसून घोडीची आयाळ विंचरत राहिली. त्या घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमीस पिऊन तिची तीन नातवंडं वाढली होती. विंचरता विंचरता ती गुणगुणली, "वाऱ्याची तू लेक गं, चांदण्याची नात. सुनेचं नाव छापायचं, तुझ्याच हातात." घोडीला हात नसतात हे लक्षात येऊनही तिनं ओळ बदलली नाही. डोळे मात्र पुसले.

शुक्रवारी दुपारी मीरगुल शाळेतून परतली, तर अंगणात दोन कढया चढलेल्या. चाळीसेक माणसं जमलेली. चोलपोनच्या आयाळीत लाल फीत होती आणि पुढच्या पायांत दोर. शेजारचा मामात सुरीला धार लावत कुरकुरत होता, की त्याच्या तिसऱ्या लग्नातसुद्धा एका मेंढीवर भागवलं होतं. नेमकी तेव्हाच संपादकांची गाडी दारात थांबली.

मीरगुल धावली ती थेट घोडीच्या गळ्यात पडली. "एने, हे कुणी सांगितलं?"

बुरूलकाननं हनुवटीनं संपादकांकडे दाखवलं. "यांनी. तू मध्ये पडू नकोस, सूनबाई. घोडी दुसरी मिळेल, संपादक मिळत नाही."

चाळीस माना एकदम वळल्या. जोलदोशबेक यांचा चेहरा दह्यासारखा झाला. आपण कागदावरची घोडी म्हणालो होतो, पानं कमी करायला, असं ते तीनदा सांगत राहिले. मामातची सुरी थांबली. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस काठी टेकत पुढे आला.

"कागदावर ती करते काय?"

"धावते," मीरगुल म्हणाली.

"किती?"

"साठ पानं."

"एवढीच? मग दमली होती का?"

चोलपोननं तेवढ्यात संपादकांच्या खांद्यावर तोंड ठेवून एक ऊन सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यापुढे कुठल्या संपादकाचा काय टिकाव लागणार? घोडी राहील, ते म्हणाले, शेपटीसकट. अंगणात असा कल्ला उठला की कढयांवरची झाकणं वाजली. मामातनं हळहळत एक मेंढी ओढून आणली. जेवायच्या वेळी संपादकांना मानाच्या जागी बसवून रीतीप्रमाणे मेंढीचं डोकं त्यांच्यापुढे ठेवलं गेलं. मीरगुलला वाटलं, पुस्तक निघालं, घोडी वाचली, आता आकाशातून नुसतं लोणी पडायचं बाकी आहे.

एवढ्यात तोंड पुसत संपादक तिच्याकडे वळले. "पानं मात्र कमी करावीच लागतील हं. असं करा, सातव्या प्रकरणातली ती कजाग सासू आहे ना? तिलाच कापा."

चहा ओतणाऱ्या बुरूलकानची किटली हवेतच थांबली.

"कुठली सासू?"

मामातनं पुन्हा सुरीकडे पाहिलं. आणि साडेतीनशे पानांची कादंबरी लिहिणाऱ्या मीरगुलनं त्या क्षणी आयुष्यातली सगळ्यात छोटी कथा रचली.

"शेजारच्या गावची, एने."